एबीएसचा पिवळा दिवा विझत नाही तेव्हा जुन्या गाडीत दोष कसा शोधायचा

गाळप हंगाम सुरू झाला की सोलापुरातून मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, कुठल्याही रस्त्याला रात्री निघा, पुढे उसाची ट्रॉली असतेच. एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर लोंबणारा ऊस आपल्या हेडलाइटच्या उजेडात येईपर्यंत अंतर संपत आलेले असते. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि हात स्टिअरिंग वळवतात. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालू असेल तर गाडी ब्रेक लागलेला असतानाही वळते. एबीएस बंद असेल तर चाके जाम होतात, आणि स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी घसरत सरळ ट्रॉलीकडेच जाते.

हे आधी सांगायचे कारण, मीटरमधला तो पिवळा दिवा लागलेला असताना महिनोन्‌महिने गाडी चालवणारे खूप जण मला भेटतात. विचारले की म्हणतात, "ब्रेक तर लागतात की ओ." लागतात, खरे आहे. एबीएस बंद पडले तरी साधे ब्रेक चालू राहतील अशीच रचना असते. म्हणूनच रोजच्या शहरातल्या चालवण्यात काहीच फरक जाणवत नाही. फरक जाणवतो तो एकाच क्षणी, आणि त्या क्षणी दुरुस्तीला वेळ नसतो.

हा लेख ज्यांनी जुनी गाडी घेतली आहे आणि मल्टीमीटर (व्होल्टेज आणि ओहम मोजणारा मीटर) अजून हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी आहे. माझा अनुभव असा की जुन्या गाडीच्या एबीएसमधला दोष बहुतेक वेळा चाकाजवळ असतो आणि स्वस्त असतो: तुटलेली वायर, चिखलाने भरलेली रिंग, गंजलेला कपलर (वायरींचा जोड). तरी गॅरेजमध्ये बोलणे सुरू होते ते महागड्या मॉड्युलपासून. तेव्हा मोजल्याशिवाय काहीही बदलायचे नाही, एवढे एक पथ्य पाळा.

आत काय असते

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. त्याच्यासमोर दाते असलेली लोखंडी रिंग चाकाबरोबर फिरते. दाते समोरून जातात तसा सेन्सर इशारा पाठवतो आणि त्यावरून बॉनेटखालच्या कंट्रोल युनिटला चारही चाकांचा वेग कळतो. ब्रेक दाबल्यावर एखादे चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावले, म्हणजे जाम व्हायला लागले, की युनिट त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडते, पुन्हा लावते, पुन्हा सोडते. हे सेकंदाला अनेक वेळा होते. पायाखाली पॅडल थरथरते ते त्यामुळेच. नवखा माणूस त्या थरथरीला घाबरून पाय उचलतो. उचलायचा नाही, दाबून धरायचा.

ब्रेकच्या नळ्या जिथे एकत्र येतात तो पंप आणि वॉल्व्हचा ठोकळा आणि त्याला चिकटलेले कंट्रोल युनिट, या दोघांना मिळून गॅरेजमध्ये 'मॉड्युल' म्हणतात. काही जुन्या पिकअप आणि जीपांमध्ये मागच्या दोन चाकांना मिळून डिफरन्शियलवर एकच सेन्सर असतो, एवढा अपवाद लक्षात ठेवा.

आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ते फक्त वरच्या व्हेरियंटमध्ये यायचे. त्यामुळे जुनी गाडी घेताना 'एबीएस आहे' या शब्दावर विश्वास ठेवू नका. दिव्याची परीक्षा घ्या.

दिवा काय सांगतो

किल्ली 'ऑन'वर फिरवा, इंजिन सुरू करू नका. एबीएसचा पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि तीन-चार सेकंदांत किंवा काही गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. ही त्या यंत्रणेने स्वतःची केलेली तपासणी असते.

दिवा मुळीच लागला नाही तर एक तर गाडीत एबीएस नाही, नाही तर बल्ब गेला आहे, नाही तर कोणीतरी तो काढला किंवा त्यावर टेप लावली आहे. विकायच्या गाडीत हे करणारे लोक आहेत. पैसे देण्याआधी एवढी किल्ली फिरवून बघाच.

दिवा लागून तसाच राहिला, गाडी जागेवर उभी असताना, तर दोष बहुधा विजेच्या बाजूचा आहे: वायर तुटलेली, सेन्सरची आतली तार गेलेली, फ्यूज उडालेला, किंवा मॉड्युलला करंटच पोहोचत नाही. कारण उभ्या गाडीत युनिट एवढेच तपासू शकते की तारेचा रस्ता जोडलेला आहे की नाही.

दिवा विझला, पण गाडी चालू लागल्यावर थोड्या अंतरात परत लागला, तर तारेचा रस्ता जोडलेला आहे पण इशारा नीट येत नाही. इथे रिंग, रिंग आणि सेन्सरमधले अंतर, बेअरिंगचा खेळ (ढिलेपणा), अडकलेली घाण या गोष्टी बघायच्या. हा एकच फरक ओळखता आला तरी अर्धे काम झाले, म्हणून तो पुन्हा वाचा.

खड्ड्यात आपटल्यावर किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरच दिवा लागत असेल तर सुटत आलेली वायर शोधा.

आणखी एक प्रकार फसवा आहे. दिवा लागत नाही, पण सिग्नलला गाडी हळू येऊन थांबता थांबता पॅडल थरथरते, कर्रर्र आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे जाते. रस्ता कोरडा, ब्रेक हलका, तरी एबीएस उगाच जागे होते. कमी वेगाला एखाद्या सेन्सरचा इशारा कमकुवत पडतो, युनिटला वाटते चाक जाम झाले, आणि ते ब्रेक सोडते. सेन्सरच्या बैठकीखाली गंज साचून सेन्सर वर उचलला गेला असेल किंवा रिंगला तडा गेला असेल तर हेच होते. सोलापूरची हवा कोरडी, इथे गंज कमी. पण आपल्याकडच्या कितीतरी सेकंडहँड गाड्या मुंबई-कोकणातून आलेल्या असतात आणि गंज सोबत घेऊन येतात.

पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल आणि हँडब्रेक पूर्ण खाली असेल, तर गाडी चालवू नका. एक तर ब्रेक ऑइल कमी झाले आहे, नाही तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडली आहे. दुसऱ्या परिस्थितीत जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. टो करून न्या.

चाक काढण्याआधी

ब्रेक ऑइलच्या डब्यात पातळी बघा. कमी असेल तर नुसते भरून मोकळे होऊ नका. ब्रेक पॅड झिजले की पातळी हळूहळू खाली येते, आणि गळती असेल तर वेगाने. रंग काळपट झाला असेल तर ऑइल बदलायची वेळ कधीच टळून गेली आहे. हे द्रव हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा घेतलेले ऑइल १५५ च्या आसपासही उकळू शकते. शिवाय त्या ओलाव्याने मॉड्युलच्या आतले बारीक वॉल्व्ह गंजतात. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. डब्याच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच घाला. आपण त्याला 'ऑइल' म्हणतो हा शब्द घात करतो; त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चुकूनही पडले तर सगळे रबर फुगते आणि संपूर्ण ब्रेक यंत्रणा उघडावी लागते. गाडीच्या रंगावर ब्रेक ऑइल सांडले तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खाते.

मग बॅटरी. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि बॅटऱ्या त्या उन्हाने लवकर मरतात. कमी व्होल्टेजला एबीएस युनिट स्वतःहून बंद होते आणि दिवा लावते, मग माणूस चाके उघडत बसतो. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवे. नसेल तर आधी तेच दुरुस्त करा.

फ्यूज बघताना एक चूक सगळे करतात. डॅशबोर्डखालचा एबीएसचा छोटा फ्यूज बघतात आणि ठीक म्हणून सोडून देतात. पंपाचा आणि वॉल्व्हचा मोठा फ्यूज बॉनेटखालच्या डब्यात वेगळा असतो. दोन्हीकडे बघा. उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा घाला, आणि तोही उडाला तर तिसरा घालू नका. कुठेतरी शॉर्ट आहे.

ब्रेक दाबल्यावर मागचे सगळे लाल दिवे लागतात का, हे दुसऱ्या कोणाला तरी मागे उभे करून बघा. पॅडलवरचा स्विच खराब असला तर युनिटला ब्रेक दाबल्याचे कळत नाही आणि काही गाड्या त्यावरूनही एबीएसचा दिवा लावतात. हा स्विच अगदी स्वस्त असतो.

टायरही बघा. चारही एकाच मापाचे हवेत. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर किंवा लहान स्टेपनी लावून फिरलात तर ते चाक सतत बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वेगाने फिरते आणि युनिट गोंधळते.

कोड वाचणे

बाजारात मिळणारे स्वस्त निळे ब्लूटूथ यंत्र बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड (युनिटने नोंदवलेल्या दोषांचे क्रमांक) वाचते. ते "काही दोष नाही" म्हणाले म्हणजे एबीएस ठीक आहे असे होत नाही. तुमच्या कंपनीच्या गाडीचे एबीएस वाचणारा स्कॅनर हवा. तो विकत घ्यायची गरज नाही. कुठल्याही बऱ्या वायरमनकडे असतो. खूप जुन्या गाड्यांत स्कॅनरचे सॉकेटच नसते किंवा त्यातून एबीएसचे काही येत नाही. तिथे तपासणीच्या कपलरमधल्या ठरावीक दोन पिना जोडल्या की एबीएसचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. कुठल्या पिना हे त्या गाडीच्या मॅन्युअलवरूनच करा, अंदाजाने नाही. चुकीच्या पिना जोडून युनिट जळू शकते.

एबीएसचे कोड 'सी' या अक्षराने सुरू होतात. उदाहरणार्थ सी००३५ हा सर्वसाधारणपणे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटचा. 'सर्किट' हा शब्द नीट ऐका. कोड सेन्सर खराब आहे असे म्हणत नाही. त्या चाकाकडून येणारा इशारा बिघडला आहे एवढेच म्हणतो. त्या रस्त्यावर सेन्सर, वायर, कपलर, रिंग, बेअरिंग सगळे येते. माझ्या स्वतःच्या गाडीत कोड मागच्या डाव्या चाकाचा होता. एका गॅरेजमध्ये "सेन्सर गेलाय साहेब, बदलून टाकू" म्हणाले, बदलला. दिवा आठवड्यात परत आला. दुसरा सेन्सर लावला. मग मॉड्युल गेले म्हणाले आणि त्याची किंमत ऐकून मी गाडी घरी आणली. दोष निघाला सीटखालून मागे जाणाऱ्या वायरीत, पत्र्याच्या काठावर घासून उघडी पडलेली एक तार. तिथपर्यंत कोणी मीटर नेलाच नव्हता.

स्कॅनरवर कोडपेक्षाही उपयोगी म्हणजे चालू गाडीतले चारही चाकांचे वेग. सोबत एक माणूस घ्या. स्कॅनर त्याच्या हातात, तुमचे डोळे रस्त्यावर. पहाटेच्या वेळी औद्योगिक वसाहतीतला रुंद मोकळा रस्ता गाठा आणि २० ते ३० च्या वेगाने सरळ चालवा. चारही आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक शून्यावर असेल, अधूनमधून खाली पडत असेल, किंवा सगळ्यांच्या मागे राहत असेल, तर तुमचे चाक तेच. जुन्या प्रकारचे सेन्सर ताशी चार-पाच किलोमीटरच्या खाली शून्यच दाखवतात, तो दोष समजू नका.

चाकाजवळ बसून

हे काम सकाळी करा. मेच्या दुपारी पत्रा हाताला भाजतो आणि डांबर एवढे मऊ होते की जॅक त्यात रुततो. जॅकखाली जाड फळी ठेवा. शेताजवळ किंवा कच्च्या जागेवर तर गाडी मुळीच उचलू नका, काळी माती वरून कोरडी दिसली तरी आतून दबते. मागचे चाक उचलणार असाल तर हँडब्रेकचा भरवसा नाही, कारण तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांनाच लागतो. पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा विटा लावा. नट आधी जमिनीवरच सैल करा, मग उचला. गाडी उचलल्यावर ती घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. घोडी नसेल तर हे काम गॅरेजमध्येच करून घ्या.

चाक काढल्यावर पाच मिनिटे कशालाही हात न लावता टॉर्च घेऊन फक्त बघा. सेन्सरची वायर चाकापासून बॉडीत शिरेपर्यंत डोळ्यांनी पाठलाग करा. ती कुठे क्लिपमधून सुटली आहे का, टायरला घासते का, सस्पेन्शनच्या हालचालीत ताणते का. आपल्या जिल्ह्यात याचे एक खास कारण असते. पावसाळ्यात शेताच्या वाटेने गाडी नेली की काळी माती चाकाच्या कमानीत थापली जाते, वाळून दगडासारखी होते, आणि वायर तिच्यात अडकते. पुढच्या वळणाला चाक फिरते, माती जागची हलत नाही, तार आतून तुटते. वरचे आवरण अखंड दिसते म्हणून कळत नाही. वायर बोटांनी दाबत जा. तुटलेल्या जागी ती लिबलिबीत लागते.

मग रिंग. पुढच्या चाकाला ती बहुधा एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर बसवलेली असते, मागे हबवर (चाक ज्यावर बसते तो भाग) किंवा ड्रमच्या आत. खडूने एक दाता खुणावा, हब हाताने पूर्ण फेरा फिरवा आणि प्रत्येक दाता बघा. तुटलेला दाता, आडवा तडा, दोन दात्यांमध्ये भरलेली माती. ही माती स्क्रूड्रायव्हरने टोकरू नका. पाण्याने भिजू द्या आणि जुन्या टूथब्रशने काढा. प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट सेन्सरवर आणि कपलरवर मारू नका, वॉशिंगनंतर दिवा लागायचे ते नेहमीचे कारण आहे.

नव्यातल्या बऱ्याच गाड्यांत दाते दिसतच नाहीत. तिथे रिंगऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो. बेअरिंग बदलल्यानंतर एबीएसचा दिवा लागला असेल तर पहिला संशय हाच, की बेअरिंग उलटे बसवले आहे आणि पट्टा सेन्सरच्या विरुद्ध बाजूला गेला आहे. हे मी दोनदा पाहिले आहे. तो पट्टा ओळखायला खास चुंबकीय कार्ड मिळते. बेअरिंगजवळ जोरकस चुंबक नेऊ नका.

चाक काढण्याआधीच ते वर-खाली धरून हलवून बघा. खेळ जाणवला तर बहुधा बेअरिंग गेले आहे. सेन्सर आणि रिंगमधले अंतर एक मिलिमीटरच्या आसपासचे असते, तेवढ्या खेळाने इशारा बिघडतोच.

सेन्सर काढायचा असेल तर एकच बोल्ट असतो, पण सेन्सर बैठकीत घट्ट बसलेला असतो. गंज सोडवणारा स्प्रे मारा, थांबा, सेन्सरच्या अंगाला धरून डावी-उजवीकडे थोडे थोडे फिरवा. वायर धरून ओढू नका, हातोडा मारू नका. त्याच्या टोकाला ब्रेकमधून निघालेला लोखंडी भुगा चिकटलेला असतो, कारण जुन्या सेन्सरच्या टोकाला चुंबक असते. फडक्याने पुसा. बैठकीतला गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. एवढ्यावर कितीतरी गाड्यांची ती थांबतानाची थरथर गेलेली आहे.

मल्टीमीटर

सुरुवातीला ओळखा की सेन्सर कुठल्या प्रकारचा आहे, कारण दोन्हींना बहुधा दोनच वायरी असतात आणि बाहेरून फरक दिसत नाही. जुन्या प्रकारात आत तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि चुंबक असते, त्याला बाहेरून करंट लागत नाही. नव्या प्रकारात आत इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि तिला युनिटकडून करंट मिळतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा सेन्सरच्या पार्ट नंबरवरून हे कळते. चिपवाल्या सेन्सरला ओहम मोजू नका. त्यातून काही कळत नाही आणि तो खराब होण्याची भीती असते.

वेटोळ्याच्या सेन्सरसाठी किल्ली बंद करा, कपलर सोडवा, मीटर ओहमवर ठेवा. बहुतेक गाड्यांत ८०० ते २,५०० ओहमच्या मध्ये कुठेतरी आकडा येतो. नेमका किती यापेक्षा डावे-उजवे सारखे आहेत का हे बघा. मीटरने काहीच दाखवले नाही (पडद्यावर 'OL' किंवा एकटा १ राहिला), म्हणजे मार्ग तुटलेला. शून्याजवळ आला, म्हणजे आत शॉर्ट. एक टोक सेन्सरच्या पिनेला आणि दुसरे बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावा. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. दाखवले तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे.

आता मीटर लावलेला ठेवूनच वायर हळूहळू हलवा, वाकवा, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून घ्या. आकडा उडाला की ती जागा सापडली. हे एकट्याने जमत नाही, घरातले कोणी मीटरकडे बघायला घ्या.

त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चाक सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने हाताने फिरवा. निरोगी सेन्सर शंभर मिलिव्होल्टच्या आसपास किंवा अधिक देतो, आणि चाक जोरात फिरवले की आकडा वाढतो. ओहम बरोबर असूनही व्होल्टेज शेजारच्या चाकाच्या अर्धे येत असेल तर अंतर वाढले आहे किंवा रिंग खराब आहे. सेन्सर बदलून इथे काही होणार नाही.

चिपवाल्या सेन्सरमध्ये कपलर सोडवून, किल्ली ऑन करून, बॉडीकडून येणाऱ्या पिनांवर व्होल्टेज बघा. बहुतेक गाड्यांत एका पिनेवर बॅटरीच्या जवळपास आकडा येतो. आला तर वायरिंग तिथपर्यंत ठीक आहे, सेन्सर किंवा पट्टा बघा. नाही आला तर सेन्सरला दोष देऊ नका, आधी वायर मॉड्युलपर्यंत तपासा.

कपलर उघडलाच आहे तर पिना बघा. हिरवट-पांढरी बुरशी आली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सैल पिना हलक्या हाताने घट्ट करा.

तुटलेली वायर जोडताना नुसता पीळ देऊन वर काळी टेप नको, पहिल्या पावसात दिवा परत येईल. बॉडीच्या आतली, न हलणारी वायर असेल तर सोल्डर करून त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा, आणि दोन तारांना मूळचा जो पीळ आहे तो तसाच ठेवा. तो पीळ बाहेरचा विजेचा गोंगाट रोखतो. चाकाबरोबर हलणाऱ्या भागातली वायर असेल तर वायरीसकट सेन्सर बदला. तिथले सोल्डर काही महिन्यांत तुटते.

मॉड्युलवर संशय आला तर

चारही चाके निर्दोष निघाली आणि कोड पंपाचा किंवा वॉल्व्हचा असेल, तरच इथे या. आधी मॉड्युलची अर्थ वायर (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) बॉडीला जिथे बोल्टने लागते ती जागा घासून स्वच्छ करा. किल्ली ऑन ठेवून मीटर डीसी व्होल्टवर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे त्या बोल्टला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थ खराब आहे. मोठे फ्यूज, रिले, मॉड्युलच्या कपलरपर्यंत येणारा करंट हे सगळे बघून झाल्याशिवाय मॉड्युल गेले असे मानू नका.

ते खरेच गेले असेल तरी नवे घेण्याआधी दुरुस्तीची चौकशी करा. जुन्या युनिटच्या आतले सोल्डर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकते आणि गाडी तापल्यावरच दिवा लागतो. कंट्रोल युनिट दुरुस्त करणारे कारागीर ते करून देतात. जुन्या बाजारातून घेणार असाल तर पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, आणि बऱ्याच गाड्यांत ते स्कॅनरने कोडिंग करावे लागते. नळ्या सोडल्या की ब्रेकमध्ये हवा शिरते. मॉड्युलच्या आत शिरलेली हवा नेहमीसारखे पॅडल मारून निघत नाही. कित्येक गाड्यांत स्कॅनरने पंप चालवूनच ती काढावी लागते. हे काम नवख्याने घरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बेअरिंग प्रेसने बसवण्याचेही तसेच.

गॅरेजला जाताना तुम्ही मोजलेले आकडे कागदावर लिहून न्या आणि मिस्त्रींना आधी तो कागद द्या. "दिवा लागतोय, बघा" म्हटले की अंदाज सुरू होतो. "मागचे डावे चाक, कोड हा, ओहम बरोबर, व्होल्टेज निम्मे" म्हटले की चांगला मिस्त्री सरळ रिंगकडे जातो. बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.

दुरुस्तीनंतर

कोड स्कॅनरने पुसा. काही गाड्यांत दोष गेला तरी दिवा जागेवर विझत नाही. ताशी २० च्या वर थोडे अंतर चालवल्यावर युनिट चाकांचे वेग पडताळते आणि मग विझतो. त्यानंतर मोकळ्या, मागे-पुढे कोणी नसलेल्या जागी, थोडी सुटी खडी किंवा ओला पृष्ठभाग बघून, २५-३० च्या वेगाला ब्रेक एकदम पूर्ण दाबा. पॅडल थरथरले, पंपाचा आवाज आला आणि स्टिअरिंग वळवल्यावर गाडी वळली, म्हणजे झाले. खडीवर गाडी थांबायला थोडी जास्त जागा घेते, ते स्वाभाविक आहे.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवावीच लागली तर एबीएस नाही असे धरून चालवा: अंतर दुप्पट ठेवा, ब्रेक एकदम न दाबता वाढवत न्या, चाके घसरायला लागली की पाय थोडा सैल करा. रात्रीचा हायवे आणि तुळजापूरकडची चढ-उताराची वाट टाळता आली तर टाळा. आणि दिवा दिसू नये म्हणून कोणी बल्ब काढून देतो म्हणाले तर त्याच्याकडे गाडी परत नेऊ नका.

सगळी चाके ठीक असतानाचे आकडे एका वहीत लिहून ती गाडीतच ठेवा. माझ्या वहीत चार ओळी आहेत: पुढचे डावे ११८०, पुढचे उजवे ११९५, मागचे डावे १२१०, मागचे उजवे १२०५. गेल्या आषाढात पंढरपूरहून चिखलातून परतलो आणि दुसऱ्या दिवशी दिवा लागला. कपलर सोडवून चारही मोजले. तीन आकडे वहीशी जुळले, मागच्या उजव्याला मीटरने काहीच दाखवले नाही. चाकाच्या कमानीत मूठभर वाळलेली माती होती आणि वायर तिच्यातून सरळ खेचली गेली होती.